ओस्तापचा हात खाली का आला नाही

त्या रविवारी कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, क्लबच्या हॉलमध्ये कोट टांगायला खुंटी उरली नव्हती. केल्वरसारख्या आडगावात एवढी माणसं लग्नालाही जमत नाहीत. सगळे माना उंच करून घरीच गांज्याचं तेल काढून विकणाऱ्या लाइल व्हॉस्परकडे बघत होते, आणि लाइलनं पुढे बोलावलं होतं माझ्या भाच्याला, ओस्तापला.

"ही दुकानातली बाटली," लाइलनं गांज्याच्या तेलाची सरकारी शिक्का मारलेली बाटली त्याच्या डाव्या मुठीत कोंबली. "आता उजवा हात आडवा धर. मी दाबतो, तू अडव. लाजू नकोस, पोरा, चांगलं अडव!"

त्यानं दोन बोटांनी दाबलं आणि ओस्तापचा हात खाली आला. मग लाइलनं स्वतःची, लेबल नसलेली बाटली दिली. पुन्हा दाबलं. तोंड लालबुंद होईपर्यंत दाबलं. हात जागचा हलला नाही.

"बघितलंत? शरीर खोटं बोलत नाही! शिक्का बसला की रोपाचा प्राण जातो. माझं रोप जिवंत आहे. ते दुखण्याला हुडकत जातं आणि सांगतं, ऊठ, चालायला लाग इथून!"

रोपाला शिक्का कळतो, म्हणे! आणि दुखण्याशी गप्पाही मारतं! मी खदखदून हसले. हसणारी मी एकटीच होते.

लोकांनाही मी सगळा दोष देत नाही. गांजा कायदेशीर झाला तेव्हा गावानं केवढी आशा धरली होती. मी त्याच दुकानात काउंटरवर उभी असते, त्यामुळे शिव्या मलाच बसतात. डबीत डबी, तिच्यात पिशवी, आणि आत चिमूटभर पाचोळा. झाकण असं की सांधेदुखीवाल्या म्हाताऱ्यांना ते उघडता येत नाही, आणि सांधेदुखीसाठीच तर ते घेतात! दहा महिन्यांपूर्वी भरलेला माल. वास घेऊन बघायचा नाही, उघडलं की परत करायचं नाही. एका खेपेचं तेल गुण देतं, दुसऱ्या खेपेचं, तेच लेबल असून, पाण्यासारखं. आणि कुणी विचारलं, "स्टेफा, गुडघ्याला यातलं कुठलं घेऊ?" तर मी काय म्हणायचं? "आम्हाला सांगता येत नाही." नियमच आहे तसा. आम्ही तब्येतीबद्दल तोंड उघडायचं नाही.

"मग इथे कशाला उभी केलीय तुला? शोभेला?" म्हातारा वॉल्टर एकदा माझ्यावर असा डाफरला होता.

लाइल मात्र सगळ्याला उत्तर द्यायचा. गुडघा, झोप, साखर, नवऱ्याचा राग, काहीही विचारा. म्हणून गाव त्याच्याकडे गेलं.

ओस्तापला लहानपणापासून फिट्स यायच्या. गोळ्यांनी त्या आवरल्या होत्या, पण गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा. गाडी चालवायला त्याला परवानगी नव्हती. आमच्याकडे गाडी न चालवणारा वीस वर्षांचा मुलगा म्हणजे कुणीतरी न्यावं आणि कुणीतरी आणावं. डॉक्टरांना विचारून तो गोळ्यांच्या जोडीला थोडं तेल घ्यायचा, तर तेच तेल दुकानात दोन-दोन महिने यायचं नाही.

"आणि गोळ्या?" त्या रविवारी हात राहिल्यावर लाइलनं विचारलं.

ओस्तापनं खिशातली गोळ्यांची बाटली काढली आणि सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी धाकटी बहीण ओरिसिया, त्याची आई, आनंदानं रडायला लागली.

मी त्याला बाहेर गाड्यांपाशी गाठलं. "ओस्ताप, अरे, वेड लागलंय का तुला? गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात. जिवावर बेतेल."

"मावशी, दुकानात तुला विचारलं तेव्हा म्हणालीस, मला सांगता येत नाही."

"तो दुकानाचा नियम आहे रे!"

"मग आता कसं सांगता यायला लागलं?" तो हसून म्हणाला. चिडला असता तरी बरं झालं असतं. "माझा हात राहिला, मावशी. मी मुद्दाम काही केलं नाही. खरंच राहिला."

मी डब्यातल्या गोळ्या उचलून ओरिसियाच्या घरी नेल्या. तिनं त्या माझ्यादेखत बेसिनमध्ये ओतल्या आणि म्हणाली, "ताई, तुला त्याचं बरं झालेलं बघवत नाही का गं?" तोंडात मारल्यासारखं झालं मला.

डॉक्टर पुढच्या गावात, भेट तीन आठवड्यांनंतरची. फोनवर नर्सनं सांगितलं की गोळ्या ताबडतोब सुरू करा. ओस्तापनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. शेवटी मी ब्रेंडा फ्रीसनला धरलं. ती गुरांची डॉक्टर, आवाज बैलासारखा.

"हात दाबतो?" ती म्हणाली. "कुठे दाबतो ते बघितलंस? पुढच्या सभेला मला घेऊन चल. आणि लोकरीचे चार-सहा जाड मोजे आण."

पुढच्या रविवारी हॉल पुन्हा भरला. लाइलनं सुरुवातच केली, "आज ओस्ताप येतोय! स्वतः ट्रक चालवत येतोय! आयुष्यात पहिल्यांदा!" लोक उभे राहून ओरडले. मी बहिणीकडे वळले.

"ओरिसिया, तू त्याला चावी दिलीस?"

"त्यानंच घेतली. वीस वर्षांचा झाला तो, ताई. कधीपर्यंत मी सोडायला जाऊ?" पहिल्या रांगेतली खुर्ची तिनं त्याच्यासाठी राखून ठेवली होती.

मी फोन लावत राहिले. तो उचलत नव्हता. तोवर ब्रेंडा पुढे जाऊन उभी राहिली.

"लाइल, शरीर खोटं बोलत नाही ना? मग मोज्याआडूनही खरंच बोलेल." तिनं एकाच मापाच्या बाटल्या आणल्या होत्या, काही दुकानातल्या, काही लाइलकडून विकत घेतलेल्या. स्वयंपाकघरात बायकांनी त्या मोज्यांत घालून मिसळल्या. कुठल्या मोज्यात काय, ते हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

"रोपाला अशी परीक्षा आवडत नाही," लाइल म्हणाला.

"घे की!" मागून कुणीतरी ओरडलं. "घाबरतोस कशाला?"

वॉल्टरनं हात पुढे केला. लाइलनं दाबलं, हात धपकन खाली. मोजा उलटा केला, तर लाइलचीच बाटली! दुसऱ्या वेळी हात ताठ राहिला, आणि निघाली दुकानातली. पुढेही तसंच, कधी बरोबर, कधी चूक, नाणं उडवल्यागत.

"इथे संशयी माणसं बसलीत," लाइल कपाळ पुसत म्हणाला. "त्यांच्यासमोर रोप लाजतं."

"दुकानात मरतं आणि इथे लाजतं!" ब्रेंडा गरजली. लोक हसले. वॉल्टर हसला नाही. तो आपल्या हाताकडे बघत राहिला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि पोलीस आत आला. टोपी काढून त्यानं हातात धरली होती. तो कुणाला शोधतोय ते मला कळलं आणि ओरिसियालाही कळलं. लाइलकडे मग कुणी बघितलंच नाही. तो कधी निघून गेला देव जाणे.

ट्रक सरळ रस्त्यावरून खंदकात गेला होता. ब्रेक लावल्याची खूण कुठेच नव्हती; चालवताना फिट आली असणार.

ओस्तापला पुरून आलो त्या दिवशी मी ओरिसियाजवळ थांबले. शेजाऱ्यांनी आणून दिलेलं जेवण ओट्यावर तसंच पडलं होतं. मी वाढलेली ताटली तिनं बाजूला सारली. मग म्हणाली, "पण ताई, त्याचा हात खाली आला नव्हता गं."

मला रडू आवरेना. ब्रेंडानं मला दाखवलं होतं तसं तिला उठवलं आणि म्हटलं, "हात आडवा धर. अडव मला." मुठीत तिच्या काहीच नव्हतं. मी मनगटावर, ती सावरायच्या आत, दाबलं. हात खाली गेला. मग तिला सावरू दिलं आणि कोपराच्या अलीकडे, खांद्याजवळ दाबलं. सगळा जोर लावला. हात हलला नाही.

"दार बिजागरीपाशी ढकललं तर हलतं का? तसंच आहे हे. दुकानातली बाटली असली की लाइल मनगट दाबायचा, स्वतःची असली की खांद्याजवळ. मोज्यांत कुठली कुठे ते त्याला कळलं नाही, म्हणून फसला."

ओरिसियानं हात तसाच आडवा धरून ठेवला. "पुन्हा दाब," ती म्हणाली. मी दाबलं. पुन्हा दाबलं. ती रडत होती आणि म्हणत होती, "पुन्हा."

आता दुकानात कुणी विचारलं की मी बोलते. मालकानं ताकीद दिलीय, तरी बोलते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. दुकानात फसवणूक होत असेल तर दुकानाशी भांडा, मीही तुमच्या बाजूनं भांडेन, पण त्या रागापायी जीव दुसऱ्या कुणाच्या हवाली करू नका. ज्याच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, त्याच्यापुढे हात करण्याआधी त्याला एवढंच विचारा, हे तुला कसं कळलं?