न मिटणारा चाकू

“घडीचे सगळे आत ठेवा,” ती दुकानदाराला म्हणाली. “मिटत नाही असाच दाखवा.”

काचेवर पसरलेले सात-आठ चाकू दुकानदारानं मुकाट्यानं गोळा केले. शेजारी तिचा नवरा हाताची घडी घालून उभा होता. तो शिंपी. अर्धा दिवस दुकान बंद ठेवून आला होता, आणि चेहरा असा की कोणीतरी बळेच दवाखान्यात आणलंय.

तिला सगळे ‘वाटवाली’ म्हणत. जंगलखात्यात बावीस वर्षं तिचं एकच काम होतं, डोंगरातल्या पायवाटा मोकळ्या ठेवायचं. वेली कापायच्या, पडलेल्या फांद्या हटवायच्या, झाडांवरच्या पुसट खुणा पुन्हा रंगवायच्या आणि लांबच्या वाटेवर दोन-दोन मुक्काम तंबूत एकटीनं काढायचे. गेल्या वर्षी दरड घसरली आणि डावा हात दगडाखाली सापडला. हात राहिला, पण त्याच्या बोटांत पकड राहिली नाही. साहेबांनी आता दोनच गोष्टी समोर ठेवल्या होत्या. गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची, नाहीतर सोमवारी ऑफिसच्या आवारात मुक्कामाची सगळी कामं एका हातानं करून दाखवायची.

दुकानदारानं हातभर लांबीचा सुरा काढला. पाठीवर करवतीसारखे दाते.

“हा घ्या ताई. हत्तीसुद्धा कापला जाईल.”

“हत्तीनं माझं काय वाकडं केलंय?” तिनं सुरा परत केला. “लाकूड फोडायचं तर पाठीवर दांडक्यानं ठोकावं लागतं. हे दाते माझं दांडकंच खातील.”

“मग हा बघा. मुठीत होकायंत्र, आगपेटी, गळसुद्धा!”

“म्हणजे मूठ पोकळ. पातं आत बोटभर असेल. दोन ठोक्यांत पातं एकीकडे न् मूठ एकीकडे.”

दुकानदार आता जरा सावरून उभा राहिला. आतल्या खणातून त्यानं एक साधा चाकू आणला. पातं वीतभरापेक्षा जरा कमी, पाठ जाड आणि सपाट. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, दोन्ही बाजूंनी लाकूड ठोकलेलं.

“हा कोणी विचारत नाही. गंज धरतो. तेल लावत राहावं लागतं.”

“ते तर माणसालाही लावावं लागतं,” ती म्हणाली आणि प्यायचं पाणी मागून तिनं तळहात ओला केला. ओल्या हातात मूठ घट्ट धरून पाहिली. सरकली नाही. मग चाकू म्यानात घालून म्यान कमरेला अडकवलं, अंगठ्यानं म्यानाचा काठ खाली रेटला. टक् करून चाकू हातात आला. तिनं पुन्हा घातला, पुन्हा काढला. पाच वेळा.

“गेटवरचं काम काय वाईट आहे?” नवरा पहिल्यांदाच बोलला. “डोक्यावर छप्पर आहे, पंखा आहे.”

“हाच द्या,” ती दुकानदाराला म्हणाली.

सोमवारी आवारात साहेब खुर्ची टाकून बसले. तंबू तिनं दात आणि गुडघे वापरून उभा केला. मग ओलं लाकूड फोडायची वेळ आली. ओंडका उभा करून तिनं पातं टेकवलं, तोच ओंडका कलंडला आणि चाकू धुळीत पडला.

“राहू द्या हो, कशाला जिवाला त्रास?” साहेब म्हणाले.

“थांबा की साहेब. ओंडका पडलाय, मी नाही.”

तिनं ओंडका दोन दगडांच्या बेचक्यात बसवला. पात्यावर सगळं वजन टाकून धार लाकडात रुतवली. चाकू आपला आपण उभा राहिला. मग मूठ सोडून तिनं दांडकं उचललं आणि पाठीवर हाणलं. चौथ्या ठोक्याला ओंडका दुभंगला. आतलं लाकूड कोरडं होतं. आगपेटी बुटाखाली दाबून तिनं काडी ओढली, आणि थोड्या वेळानं साहेबांनी धुरानं खुर्ची मागे सरकवली.

“पास,” ते म्हणाले. “पण एक कळत नाही. एवढी जिद्द आहे तर गेटच्या कामासाठी तुमच्या मिस्टरांनी अर्ज का दिला?”

तिनं चाकू पुसून म्यानात घातला आणि ती घरी आली.

नवरा मशीनवर होता.

“अर्ज तुम्ही दिलात?”

पायडल थांबलं. “दिला.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?” त्याचा आवाज चढला आणि तिथंच फुटला. “तू सापडेपर्यंत सव्वीस तास चौकीच्या बाकावर बसलो होतो मी. कोणी धड बोलेना. मला नाही पुन्हा त्या बाकावर बसायचं.”

ती समोरच्या स्टुलावर बसली. “तुम्हाला एक सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या खिशात चाकू होता. घडीचा. पाण्याची बाटली पाठीवरच्या पिशवीत, पिशवीचा पट्टा ताणलेला. पट्टा कापला असता तर पाणी हाताशी आलं असतं. पण एका हातानं तो चाकू उघडेना. दातांनी ओढून पाहिला. सव्वीस तास खिशात चाकू घेऊन तहानलेली पडले होते.”

त्यानं मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

“भीती मलाही वाटते हो. पण गेटवर बसले तर दिवसभर तेच आठवत बसेन.”

त्यानं हात पुढे केला. “बघू ते म्यान.”

त्यानं म्यान उलटसुलट केलं, शिवण नखानं ताणून पाहिली. “पाठीवर ओझं असलं की मूठ पट्ट्याखाली जाईल. कमरेला नको. पुढे, छातीवर पाहिजे.” तो उठला, गळ्यातली टेप काढली. “पिशवी घाल पाठीवर. नीट उभी राहा. अशी नाही, चालतेस तशी.”

गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं त्यानं माप घेतलं. खांद्यापासून छातीपर्यंत, उजवा हात सहज पोचतो तिथपर्यंत. आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिले.

“आता डावा हात. बाही लोंबते, फांदीत अडकेल.”

ती दवाखान्यातून आल्यापासून त्यानं त्या हाताला बोट लावलं नव्हतं. आता तो हात त्यानं अलगद उचलला आणि मनगटाभोवती टेप गुंडाळली. आकडा वाचला, लिहिला नाही. टेप सोडली, पण हात न सोडता त्यानं पुन्हा माप घेतलं.