सात तारखेची हाक

माझ्या उजव्या कडेला, खालच्या कोपऱ्यापासून एकवीस मिलिमीटरवर, एक खाच आहे. ती तीन मिलिमीटर खोल आहे. तिची एक बाजू गुळगुळीत आहे आणि दुसऱ्या बाजूचे प्लास्टिक किंचित वर उचलले गेले आहे. ज्याने कधी कात्री चालवली आहे त्याच्या लगेच लक्षात येईल, की कुणीतरी मला कापायला घेतले आणि मध्येच थांबले.

मित्रांनो, मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. तसे माझे वय तीनच वर्षे. पण माझ्यावर छापलेली मुदत पुढच्या महिन्यात संपते, आणि आमच्यात त्यालाच म्हातारपण म्हणतात. त्याआधी या खाचेची हकिकत सांगून ठेवतो.

प्लास्टिकचे पातळ थर एकावर एक ठेवून, तापवून, दाबून मला तयार केले. मग एक छोटी सोनेरी चिप बसवली. तोवर माझ्यात आणि शेजारच्या हजार कार्डांत काही फरक नव्हता. शेवटी सोळा आकडे आणि एक नाव उमटले, आणि मी एका माणसाचा झालो.

ते नाव बावीस वर्षांच्या एका मुलीचे होते. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नुकतीच कामाला लागली होती. कार्डांचे फॉर्म भरून घेणारा एक माणूस तिथे आला, तिच्या पगाराची चिठ्ठी पाहिली, चार सह्या घेतल्या, आणि दहा दिवसांनी मी पाकिटातून तिच्या घरी पोहोचलो. माझी मर्यादा होती चाळीस हजार.

तिचे वडील वजनकाटे दुरुस्त करत. दुकाने, दवाखाने, गोदामे असे त्यांचे गिऱ्हाईक. त्यांनी मला पाकिटातून काढले आणि सरळ आपल्या लहान काट्यावर ठेवले.

"पाच ग्रॅम," ते म्हणाले. "एवढ्याशा जिवावर चाळीस हजार! डॉक्टर, हे पैसे तुझे नाहीत हं. उसने आहेत."

लॅबमध्ये लागल्यापासून ते तिला डॉक्टरच म्हणत.

"माहितीये हो, बाबा."

"उसने देणारा रोज समोर दिसला की आठवण राहते. याला तोंडच नाही. जपून."

"आधी तुमचा तो फोन जपा," आई आतून म्हणाली. "अर्धी गिऱ्हाइकं हॅलो हॅलो करून कंटाळतात."

म्हणून माझी पहिली खरेदी म्हणजे वडिलांसाठी नवा फोन, बारा हप्त्यांवर. त्या नंबरचे दरमहाचे बिलही तिने माझ्यावरच लावून दिले. दर सात तारखेला ते आपोआप जायचे. वडील प्रत्येक दुरुस्त काट्याच्या पोटाशी एक चिठ्ठी चिकटवत. तिच्यावर तोच नंबर आणि पुढच्या तपासणीची तारीख. "काटा बंद पडला तर चालेल," ते म्हणत, "खोटा नको. बंद असला तर लोक दुसरा शोधतात. खोट्यावर विश्वास ठेवून बसतात."

पहिले चार महिने आमचे छान चालले. बिल आले की मुलगी सगळी रक्कम मुदतीच्या दोन दिवस आधी भरायची आणि कागदावर बारीक बरोबरची खूण करायची. लॅबमध्ये सगळे तिचे कौतुक करत.

पाचव्या महिन्यात वडिलांच्या छातीत दुखू लागले. इस्पितळाच्या खिडकीत मला एका दिवसात सहा वेळा यंत्रात घातले. सहाव्या वेळी खिडकीतल्या माणसाने मुलीकडे पाहिले आणि पावती हळूच सरकवली. वडील घरी आले नाहीत. त्यांचा फोन तेवढा परत आला.

आईने तो माझ्याच खणात ठेवला. चार्जरची वायर खणाच्या फटीतून आत यायची.

त्यानंतरची पहिली सात तारीख मला अजून आठवते. खण बंद होता. मला कुणीही हात लावला नव्हता. सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी मला हाक आली, आणि जो माणूस नव्हता त्याच्या बोलण्याचे पैसे माझ्यातून गेले. थोड्या वेळाने शेजारच्या फोनवर उजेड पडला. 'बिल भरल्याबद्दल आभारी आहोत.' तो उजेड काही सेकंद माझ्यावर राहिला आणि विझला.

फोन वाजायचाही. चिठ्ठ्या जागोजागी होत्याच. आई हात पुसत यायची, फोन उचलायची आणि म्हणायची, "ते कामावर गेलेत. आल्यावर सांगते." मग ती वहीत नीट लिहून ठेवायची: कोणाचा काटा, काय बिघाड. ती वही वडिलांच्या पितळी वजनांच्या पेटीवर असे. पाने भरत गेली. मुलगी पलीकडच्या खोलीतून हे ऐकायची.

आता तिची चूक सांगतो. लॅबमधल्या प्रत्येक रिपोर्टवर दोन आकडे छापलेले असतात, खालची हद्द आणि वरची हद्द. तपासणीचा आकडा त्यांच्या मध्ये असला की माणूस ठीक. माझ्या बिलावरही दोन आकडे होते. खाली 'किमान देय रक्कम', वर मर्यादा. दुःखाने थकलेल्या डोळ्यांनी तिने तो कागद रिपोर्टसारखा वाचला. किमान रक्कम सतराशे होती, तिने दोन हजार भरले, आणि बरोबरची खूण केली. पुढच्या महिन्यात पुन्हा दोन हजार. असे आठ महिने.

त्या आठ महिन्यांत तिने सोळा हजार भरले. देणे मात्र चौतीस हजार दोनशेवरून पस्तीस हजार नऊशेवर गेले. माझे वजन तेव्हाही पाच ग्रॅमच होते.

एकदा तिने मला आणि तो कागद लॅबमध्ये नेला. तिथल्या मोठ्या ताई, सगळ्यांत जुन्या, डबा उघडून बसल्या होत्या.

"ताई, दर महिन्याला रेंजमध्ये आहे. तरी उतरत कसं नाही?"

"रेंज? कसली रेंज?"

तिने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवले.

"अगं बाई! हा काय साखरेचा रिपोर्ट आहे? किमान भरलंस की नुसता दंड वाचतो. बाकीच्यावर व्याज चालूच. रोजचं."

"रोजचं?"

"रोजचं. तू सुट्टी घेतेस, ते घेत नाही." ताईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "बँकेत फोन कर. सगळ्याचे हप्ते बांधून माग, व्याज कमी पडेल. आणि तोवर याला बाहेर काढू नकोस. हे सात तारखेचं काय आहे? दर महिन्याला दिसतंय. बंद कर की आधी."

मुलीने कागदाची घडी घातली. घडी मोडून पुन्हा घातली.

"कुणाचा नंबर आहे गं?" ताईंनी विचारले. मग त्यांनीच डब्याचे झाकण लावले.

त्या संध्याकाळी तिने खण उघडला, मला हातात घेतले आणि कात्री लावली. पाती तीन मिलिमीटर आत गेली तोच खणातला फोन वाजला. आई आली. "ते कामावर गेलेत," ती फोनवर म्हणाली. "हो हो, सांगते ना." मुलगी कात्री धरून तशीच उभी राहिली. मग तिने ती बोटांतून काढली आणि मला जागेवर ठेवले.

मित्रांनो, मला कापून तसे काहीच झाले नसते. देणे प्लास्टिकमध्ये नसते. माझे दोन तुकडे केले असते तरी सात तारखेला मला हाक आलीच असती.

पुढचे अठरा महिने ती शहाण्यासारखी वागली. हप्ते बांधून घेतले आणि एकही चुकवला नाही. मला कुठल्याही दुकानात नेले नाही. सगळे फिटले त्या दिवशी ताईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. सात तारीख मात्र राहिली. दोनदा तिने फोनच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून "नंबर बंद करण्याचं कारण?" असा प्रश्न आला, आणि दोन्ही वेळा तिने फोन ठेवून दिला.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला मऊ पाकिटात जपू नका, माझा कागद जपून वाचा. किती घेतले, किती फेडायचे, कोणत्या तारखेपर्यंत, हे तीन आकडे पूर्ण वाचा. आणि तुम्ही हात न लावता माझ्यातून काय जाते आहे, तेही एकदा पाहा. पाहिल्यावर बंद करणे सोपे नसते, हे मी जाणतो.

गेल्या रविवारी दुपारी माझ्या जागी येणारे नवे कार्ड आले. सोबतच्या कागदावर लिहिले होते, की आपोआप जाणारी बिले नव्या कार्डावर तुमची तुम्हालाच नोंदवावी लागतील. मुलीने आम्हा दोघांना टेबलावर शेजारी ठेवले. बिल नव्या कार्डावर नोंदवायला तिने आपल्या फोनवर वडिलांचा नंबर टाइप केला आणि तिचा अंगठा तिथेच थांबला.

खणातला फोन वाजला. आईचे हात कणकेने भरले होते. तिने कोपराने खण सरकवला आणि एका बोटाने स्पीकर लावला.

"मी बाळांच्या दवाखान्यातून नर्स बोलतेय," आवाज आला. "तिसऱ्यांदा फोन करतेय हो. काटेवाले काका आहेत का?"

"ते कामावर—"

"अहो, तुम्ही दर वेळी हेच सांगता. आमचा काटा दोनशे ग्रॅम चुकतोय."

आईचा हात थांबला. तीस वर्षे ती काटेवाल्याची बायको होती.

"जास्त दाखवतो की कमी?" तिने विचारले.

"जास्त. जे बाळ वाढत नाही ते वाढतंय असं दिसतं. एकाला आम्ही तसंच घरी पाठवलं. काल परत आणलंय."

आईने पितळी वजनांच्या पेटीकडे पाहिले, मग तिच्यावरच्या वहीकडे.

"सिस्टर," ती म्हणाली, "ते येणार नाहीत. ते वारले. अडीच वर्षं झाली. मी खोटं सांगत होते. दुसरा माणूस बोलवा, आजच्या आज बोलवा. तोवर त्या काट्यावर एकही बाळ ठेवू नका."

पलीकडे नर्स काहीतरी पुटपुटली. आईने तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, हो हो म्हणाली आणि फोन ठेवला. त्याच्या काचेवर तिच्या बोटाची पांढरी खूण राहिली.

मुलगी वळून बघत होती. आई तिला नेहमी बाळा म्हणायची. वडिलांनी ठेवलेले नाव तिने आजवर एकदाही उच्चारले नव्हते.

"डॉक्टर," आई म्हणाली, "हा नंबर बंद करून टाक."