बेंगळुरूहून परत आलेला हात

सिंगापूरची नोकरी सोडून अक्षया २००६ साली मिठबावला परत आली आणि समुद्राकडेच्या मांगरात, म्हणजे शेतघरात, तिने स्वतःचं काम सुरू केलं. तिच्या वडिलांना, महादूला, कुणी विचारलं की तो सांगायचा, "चेडू मशीनचे हात दुरुस्त करता."

ते खरंच होतं. चिप बनवताना सिलिकॉनच्या आरशासारख्या चकत्या हवा पार काढून घेतलेल्या पेटीत इकडून तिकडे न्याव्या लागतात. तिथे माणसाचा हात चालत नाही, रोबोटचा लागतो. असे जुने झालेले हात खोलायचे, सांधे बदलायचे, धुऊन पुन्हा जोडायचे, हे अक्षयाचं काम. बोटाचा एक ठसा राहिला तरी चकत्या बाद होतात. म्हणून तिने मांगरात काचेची खोली उभी केली होती. गाळलेली हवा पंख्याने सतत आत ढकलली जायची, म्हणजे बाहेरची हवा शिरत नसे. धुण्यापुसण्याला दिव्या होती, चंद्रावती मासेवालीची मुलगी.

पहिला हात बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत गेला आणि तसाच परत आला. फोनवरचा माणूस म्हणाला, चकत्यांवर मिठाचा अंश आहे, बहुतेक कुणाच्या तरी हाताचा घाम असावा.

अक्षया तडक दिव्याकडे गेली. महादू मांगराच्या दारातच बसला होता.

"सकाळी आयशीबरोबर मासळी हाताळून तशीच इलंस मा?" अक्षयाने विचारलं.

"मी हातमोज्यांशिवाय कशाक हात लावूक नाय," दिव्या म्हणाली.

"मगे ह्यो घाम खयसून इलो? हाताक वास येता तुझ्या."

दिव्याचा चेहरा पडला. "तुझी आवस पण मासळीच इकी होती, अक्षयाताई," एवढंच ती बोलली, अंगातला पांढरा झगा काढून खुंटीला लावला आणि निघून गेली.

अक्षयाने हात पुन्हा खोलला. एकटीने धुतला, एकटीने जोडला. पण मनात खुटखुट राहिलीच. पाठवण्याआधी तिने दोन कोऱ्या चकत्या घेतल्या. एक वीज असताना खोलीत उघडी ठेवली, दुसरी लोडशेडिंगच्या वेळात. दोन्हींना चिमट्याशिवाय काही लागू दिलं नाही. मग त्या बेंगळुरूला तपासायला पाठवल्या.

पहिली स्वच्छ निघाली. दुसरीवर मीठ होतं.

वीज गेली की पंखा थांबत होता आणि खारा वारा फटीफटीतून आत येत होता. हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं. सिंगापूरला वीज कधी गेलीच नव्हती, आणि इथे ती रोज जाते हे ठाऊक असूनही आपण पहिलं बोट दिव्याकडे दाखवलं. अक्षया तशीच बाजाराकडे निघाली.

दिव्या बाजारात आईशेजारी बांगडे विकत बसली होती. अक्षया समोर उकिडवी बसली.

"चुकी माझी होती. तां वाऱ्यातला मीठ होता. तुझे हात निवळ होते."

दिव्याने गिऱ्हाइकाचे बांगडे पिशवीत भरले, मग वर पाहिलं. "त्या दिशी महादूकाका आयकत होते. तेंच्यासमोर बोल."

संध्याकाळी दिव्यादेखत अक्षया ते महादूसमोर बोलली, एकही शब्द गाळला नाही. महादू दिव्याला म्हणाला, "माका त्याच दिवशी बोलूक होया होता. मी गप रवलंय."

"होय, रवलास," दिव्या म्हणाली.

दिवाळीनंतर काचेची खोली मसुऱ्याला गेली. तिथे समुद्र लांब, आणि पंख्यासाठी बॅटऱ्याही घेतल्या. दिव्या लगेच आली नाही. आईचा हंगाम संपेपर्यंत थांबली आणि मग एका सोमवारी सकाळच्या एसटीने हजर झाली. तोच हात दोघींनी मिळून धुतला आणि पाठवला. या वेळी बेंगळुरूहून फोन आला तो आणखी दोन हात पाठवतो म्हणून. अक्षया खोलीत होती, फोन दिव्यानेच घेतला. "पाठवा," ती म्हणाली, "पण वेळ लागेल. आम्ही दोघीच आहोत."