वीस मिनिटं, सल्ला न देता

व्यसनमुक्ती केंद्रात बावीस वर्षं समुपदेशन करणाऱ्या बाईंना लोक पाठीमागे ‘तोफ’ म्हणायचे. हे बाईंना ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडायचंही. समोरचा पेशंट “मी कधीतरीच घेतो” असं म्हणाला, की तोफेला बत्ती लागायची. यकृतापासून सुरुवात होऊन गाडी बायकोमुलांपर्यंत यायची, आणि तो मान खाली घालून “चुकलं” म्हणेपर्यंत बाई दम घ्यायच्या नाहीत.

त्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तीस तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे असं पत्र आलं, तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं.

“आता मला शिकवणार कोण?” त्यांनी केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“जाऊन या हो. मी गेले होते मागच्या वर्षी. चहा चांगला असतो.”

चहाही धड नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचा लांबोडका हॉल, गोलात मांडलेल्या वीस खुर्च्या, त्यातली बाईंच्या वाट्याची नेमकी एका पायानं लंगडी. आणि शिकवायला उभी राहिली ती बाईंच्या धाकट्या लेकीच्या वयाची एक किडकिडीत पोरगी. तिनं फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं : दुरुस्तीची खाज.

“समोरचा चुकतोय असं दिसलं, की त्याला सरळ करायची आपल्याला खाज सुटते,” ती म्हणाली. “आपण दारूच्या विरोधात बोलायला लागलो, की दारूची बाजू घेणं त्याच्याकडे येतं. ती घेता घेता त्याला स्वतःलाच पटते.”

बाईंनी वहीच्या कडेला एकच शब्द लिहिला : पुस्तकी.

दुपारी जोड्या लावल्या. बाईंच्या वाट्याला दुसऱ्या एका केंद्रातले ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आले. दारासारखे रुंद, पन्नाशीचे, आवाज मात्र मऊ. त्यांनी दारुड्याचं सोंग घ्यायचं, बाईंनी बारा मिनिटं समुपदेशन करायचं, आणि सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं. बाईंनी पदर खोचला. बारा मिनिटांत ब्रदरना घामच फुटला. काम फत्ते, असं म्हणत बाई मागे रेलल्या आणि लंगडी खुर्ची कलंडता कलंडता राहिली.

मग त्या पोरीनं रेकॉर्डिंग लावलं आणि फळ्यावर रेघा मारत बसली. बाईंचं बोलणं : अकरा मिनिटं. प्रश्न : तेवीस. सल्ले : चौदा. पेशंटचं बोलणं : “हो” नऊ वेळा, “बरं” चार वेळा, आणि एकदा “पाणी मिळेल का?”

हॉलमध्ये हशा पिकला. ब्रदरही पोट धरून हसत होते. बाई कानापर्यंत लाल झाल्या, पण शेवटी त्यांनाही हसू आवरेना. “तेव्हा पाणीसुद्धा नाही दिलं हो मी तुम्हाला!”

दुसऱ्या दिवशी अदलाबदल. यावेळी सोंग नको, पोरीनं सांगितलं. आपल्या आयुष्यातलं काहीतरी खरं सांगायचं, जे बदलायचंय पण होत नाहीये. बाईंनी सकाळी फिरायला न जाण्याबद्दल बोलायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि निघाली ती ताई.

ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण. तिचे यजमान, बाईंचे भावोजी, घड्याळं दुरुस्त करायचे आणि गेली काही वर्षं सकाळपासूनच प्यायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या साठीला घर भरलेलं असताना बाईंनी त्यांच्या यकृताच्या तपासणीचा कागद मागवून घेतला होता आणि चारचौघांत एकेक आकडा वाचून दाखवला होता. भावोजी उठले, आत गेले, दार लावलं. त्यानंतर बाई कधी गेल्याच तर ते बाहेरच यायचे नाहीत. ताईचा फोन यायचा, पण हवापाण्याच्या पुढे गाडी सरकायची नाही.

ब्रदरनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, “तुमचे आकडे बरोबर होते. आणि माणसं दूर गेली.”

बाई वहीची कड दुमडू लागल्या. “मला वाटलं होतं, सगळ्यांसमोर सांगितलं तर लाजेनं तरी सोडतील.”

“आता काय करावंसं वाटतं?”

“जावंसं वाटतं,” बाई म्हणाल्या आणि स्वतःच चमकल्या. कुणीही जा म्हणालं नव्हतं.

प्रशिक्षणाचा दुसरा भाग पंधरा दिवसांनी होता. तोवर गृहपाठ म्हणून वीस मिनिटांचं एक संभाषण रेकॉर्ड करून आणायचं होतं, सल्ला न देता. पण रविवारी दुपारी ताईच्या घराची बेल वाजवताना बाईंच्या डोक्यात गृहपाठ नव्हता. ताई दार उघडेल का, एवढंच होतं.

“न कळवता आलीस?” ताईनं दार अर्धंच उघडलं. “आज नको गं काही बोलूस त्यांना. जरा बरे आहेत.”

“नाही बोलत. शप्पथ.”

भावोजी मागच्या खोलीत टेबलाशी बसले होते. डोळ्याला भिंग, समोर उघडलेलं घड्याळ. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आज कुठले आकडे आणलेत?”

“कुठलेच नाहीत. त्या दिवशी मी फार वाईट वागले, भावोजी. तेवढंच सांगायला आले.”

भावोजींनी भिंग काढलं. बाई स्टुलावर बसल्या. खोलीत पाचसहा घड्याळांची टिकटिक चालू होती आणि बाईंच्या जिभेवर निदान सहा वाक्यं येऊन उभी होती. त्यांनी ती एकेक करून गिळली.

“हा स्क्रू बघा,” भावोजी अचानक म्हणाले. “मोहरीएवढासुद्धा नाही. सकाळी एक पेग घेतल्याशिवाय चिमट्यात धरता येत नाही. परवा एका गिऱ्हाइकाचं घड्याळ तसंच परत केलं. पार्ट मिळत नाही म्हणून थाप मारली.”

“खोटं सांगावं लागलं, ते मनाला लागलं तुमच्या.”

“लागणारच! चाळीस वर्षांत एकही घड्याळ तसंच परत केलं नव्हतं मी.” ते थांबले. “हिलाही सांगितलेलं नाही.”

दारात उभी असलेली ताई पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

भावोजी बोलत राहिले. धाकट्या नातीला कडेवर घ्यायची भीती वाटते, म्हणाले. दोनदा सोडायचा प्रयत्न केला होता, कुणाला न सांगता. दुसऱ्या दिवशी हातपाय असे लटपटले की घाबरून पुन्हा घेतली. हे बाईंना आज पहिल्यांदाच कळत होतं.

“एक गोष्ट सांगू का?” बाईंनी विचारलं. “नको असेल तर नाही सांगत.”

भावोजींनी भुवया उंचावल्या. “तुम्ही विचारताय? सांगा सांगा!”

“एकदम स्वतःच्या मनानं बंद करू नका. जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन ती थरथर सांभाळतात. बास, एवढंच.”

“आणि हात? पुन्हा स्थिर होतील?”

“पुष्कळांचे होतात. तुमचे होतीलच असं वचन मी नाही देऊ शकत.”

भावोजींनी हातांकडे पाहिलं. “दाखवून यायला काय हरकत आहे,” ते म्हणाले. मग घाईघाईनं, “पण तुमच्या केंद्रात नाही हं! तुम्ही फार बोलता.”

आतून ताई खुदकन हसली. बाईंनाही हसू फुटलं. “अगदी मान्य. माझ्या ओळखीचे एक ब्रदर आहेत दुसरीकडे. ते फक्त ऐकतात.”

दुसऱ्या भागाला बाई रेकॉर्डिंग न घेताच गेल्या. “संभाषण झालं,” त्यांनी त्या किडकिडीत पोरीला सांगितलं, “पण ते घरचं आहे, ऐकवणार नाही.” मग एका पेशंटची परवानगी घेऊन त्यांनी नवं रेकॉर्डिंग करून दिलं. त्यात सल्ले तीन निघाले. पोरीनं तिन्हींखाली लाल रेघ ओढली आणि बाईंनी तक्रार न करता ती मान्य केली.

रविवारच्या त्या भेटीनंतर आठवड्याभरातच भावोजी ब्रदरच्या केंद्रात जाऊन दाखल झाले होते. पुढं तिसऱ्या महिन्यात एकदा पाय घसरला, पुन्हा प्यायले, तेव्हा ते आपणहोऊन परत गेले आणि ताईला फोन करून तसं सांगितलं.

पण पहिल्या मुक्कामातल्या दहाव्या दिवशीचा ताईचा फोन बाईंना विसरता येत नाही. “अगं, ऐक ना! जेवण अळणी आहे, उशी दगडासारखी आहे, शेजारचा घोरतो, यांच्या नुसत्या तक्रारी! आणि तुझ्या त्या ब्रदरनी म्हणे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे चव परत आली तुमची!’”

दोघी बहिणी फोनवर हसत सुटल्या, आणि मग ताईनं खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला, कारण तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं.