कर्नलच्या हिरवळीवरून

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. संग्रहालयाच्या ज्या दालनात मला ठेवले आहे तिथे इंग्लंडमधल्या जुन्या काळच्या नामवंत अपंग माणसांच्या वस्तू आहेत. शेजारी एका आंधळ्या न्यायाधीशाचे घड्याळ आहे. माझ्याखालच्या पाटीवर माझ्या मालकिणीला 'सोशिक' म्हटले आहे. ज्याने हे लिहिले त्याने तिला कधी पाहिले नसणार. हेस्टर पिलबीमने एका माणसावर डूख धरला होता आणि स्वतः मरेपर्यंत तो सोडला नाही.

यॉर्कशरच्या एका खेड्यात सुताराने मला चिवट लाकडातून घडवले आणि काखेत रुतू नये म्हणून वर मेंढीचे कातडे शिवले. लहानपणच्या तापात हेस्टरचा डावा पाय लुळा पडला होता. मी तिच्या काखेत गेले आणि आम्ही दोघी शेवाळ शोधायला लागलो. हसू नका. ओल्या दगडांवरचे शेवाळ ती भिंगातून पाहायची आणि केसाएवढ्या रेघांनी त्याची चित्रे काढायची. ती चित्रे पाहायला लंडनचे विद्वान चिखल तुडवत येत. तेव्हा माझेही कौतुक होई.

उत्तम शेवाळ होते चर्चकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटेवर. ती वाट कर्नल थॅक्रे यांच्या आवारातून जायची. गावचे लोक आपल्या जमिनीतून ये-जा करतात हे कर्नलला खुपायचे. पण वाट सगळ्यांच्या हक्काची, बंद करता येईना. मग त्याने तिथले फाटक काढले, भिंत बांधली आणि चढून जायला भिंतीत दगड बसवले. धडधाकट माणसे टणाटण पलीकडे गेली. हेस्टर अलीकडेच राहिली; चर्चला जायला तिला गाडीरस्त्याचा लांबचा वळसा उरला.

ती विचारायला गेली तेव्हा कर्नल पायरीवर उभा राहून गोड हसला. म्हणाला, "वाट कुठं बंद केलीय, बाईसाहेब? पाय असतील त्यांनी खुशाल यावं."

अर्धे गाव त्याचे कूळ होते, त्यामुळे कोणी ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी हेस्टर भिंत चढायला गेली. ओल्या दगडावरून मी निसटले आणि ती पडली. तिचे उजवे मनगट मोडले आणि वाकडेच जुळले. त्यानंतर तिला तशी रेघ कधीच काढता आली नाही. मित्रांनो, त्या दिवशी माझे टोक मला कर्नलच्या डोळ्यात खुपसायचे होते. खोटे कशाला सांगू?

हेस्टरने माझ्याहून बरे काहीतरी शोधले. त्या मुलखात समज असा, की ज्या जमिनीवरून प्रेत नेले ती कायमची सार्वजनिक वाट होते. कायद्यात असे काही नाही, पण कायदा विचारायला गेले होते कोण? कर्नलही हेच ऐकत लहानाचा मोठा झाला होता. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर, कर्नल चार हातांवर उभा असताना, हेस्टरने आपल्या मोलकरणीला मोठ्याने सांगितले, "डॉर्कस, मी मेले की मला त्या भिंतीवरून न्यायचं नाही. कर्नलसाहेबांच्या हिरवळीवरून न्यायचं. त्यांच्या जेवणघराच्या खिडकीसमोरून."

"नेऊ की, बाई," डॉर्कस म्हणाली. "सावकाश नेऊ."

कर्नलचा चेहरा पडला. त्या दिवसापासून हेस्टरच्या तब्येतीची त्याच्याइतकी काळजी कोणाला नव्हती. ती शिंकली की त्याच्याकडून गरम सूप यायचे. खोकली की त्याचा डॉक्टर बग्गीतून धावत यायचा. चर्चमध्ये ती मुद्दाम खोकायची, आणि पुढच्या बाकावर कर्नलची मान ताठ व्हायची. सूप डॉर्कस प्यायची. शेवटी त्याने भिंत पाडली, फाटक परत बसवले आणि स्वतः येऊन म्हणाला, "झालं ना आता तुमच्या मनासारखं? ते दुसरं बोलणं तेवढं मागं घ्या."

हेस्टरने त्याच्यापुढे वाकडे मनगट धरले. "फाटक पायासाठी झालं. याचं काय करता?"

तिने शब्द मागे घेतला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. शवपेटीवर फुले नव्हती, मी होते. खांदेकरी सगळे कर्नलचीच कुळे. उघड्या फाटकापाशी ते क्षणभर थांबले, आणि मग एकमेकांकडे न बघता हिरवळीवर वळले. कर्नल तरातरा बाहेर आला. ओरडायला त्याने तोंडही उघडले. पण तिथल्या सभ्य माणसाला शवपेटीसमोर ओरडता येत नाही, टोपी घालून उभेही राहता येत नाही. त्याच्या खिडकीसमोर पावलांनी हिरवळीचा चिखल होत होता, आणि तो उघड्या डोक्याने मान खाली घालून उभा होता. डॉर्कसने शब्द पाळला. आम्ही फार सावकाश गेलो.

त्यानंतर लंगडे, म्हातारे, बाळांच्या गाड्या ढकलणाऱ्या आया, सगळे तिथूनच चर्चला जाऊ लागले. त्यांना अडवायची हिंमत त्याला कधी झाली नाही.

मित्रांनो, कुबडी जपून ठेवा, तिला तेल लावा, एवढे मी मागत नाही. ज्याला पायरी चढता येत नाही त्याच्या वाटेत पायरी बांधू नका. बांधलीत, तर टोपी काढून उभे राहायची तयारी ठेवा.