नोलाच्या मोज्यांत बी

आमचं झुडूप वाचलं. रोपं शेकडो झाली म्हणून सरकारने त्याला धोक्यातल्या झाडांच्या यादीतून काढलं, आमच्या वनस्पती खात्याच्या ऑफिसात केक कापला, केकवर झुडपाचंच चित्र होतं, तेही खाऊन संपवलं. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण मर्वला मी अजून सांगितलेलं नाही.

मर्व टकेट म्हणजे ऑस्ट्रेलियात पर्थच्या पूर्वेला गहू पिकवणारा म्हातारा. त्याच्या कुंपणाबाहेर, खडीच्या रस्त्याकडेला, या जातीचं, माहीत असलेलं शेवटचं झुडूप उभं होतं. ते सापडलं त्याच्या बायकोला, नोलाला. आम्ही त्याचे शेंडे खुडून प्रयोगशाळेत नेले आणि बाटल्यांतल्या जेलीत वाढवून एकाची शेकडो रोपं केली. मूळ झुडूप दुष्काळात गेलं. त्याच वर्षी नोलाही गेली. तिला त्याचं बी बघायचं होतं, तेवढं राहिलं.

हिवाळी पावसात आम्ही रोपं मर्वच्या पडीक रानात लावली. पुढे ती लालभडक फुलली. बी पिकलं की उडून जातं, म्हणून आमच्या कामात फुलांच्या फांद्यांवर बायकांचे पातळ लांब मोजे चढवतात. मर्वने नोलाचे सगळे आणले. वारा भरला की वाटे, नाचणाऱ्या बायकांचा अख्खा ताफा कुणीतरी डोकं खाली, पाय वर करून पुरलाय.

मर्व रोज मोजे चाचपायचा. रिकामे.

"काय गं बाटलीवाली, मधमाश्यांचा संप आहे का?"

मग मी कारण सांगितलं. बी धरायला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि दुसरं झाडच नाही. ही शेकडो म्हणजे तेच एक.

तो बराच वेळ एका मोज्याची गाठ सोडत राहिला.

"एवढी सगळी, आणि एकटंच?"

"हो."

"मग तुमच्या ऑफिसला सांग ना, अजून एक द्या म्हणून." त्याने ती गाठ पुन्हा मारली.

यादीतून निघालेल्या जातीचं दुसरं झुडूप जंगलात कोणी शोधत नाही. तरी मी अर्ज केला:

"मा. संचालक यांस, सदर जातीचे, आमच्या झुडपाशी कोणतेही नाते नसलेले एक जंगली झुडूप पुढील बहरापूर्वी श्री. टकेट यांच्या रानात उपलब्ध करून द्यावे. वणव्यात अर्धवट जळालेले चालेल. अर्जदारास घाई नाही. श्री. टकेट यांना आहे."