उजवा कौल

साखळीच्या ज्या खासगी इस्पितळात सेजल गावस इतकी वर्षे नर्स म्हणून राबली, तेथील वॉर्डप्रमुखाची जागा अखेर कोमलला मिळाली. नार्वेची कोमल तिच्यामागून नोकरीला लागलेली. मुलाखतीत मोठ्या डॉक्टरांनी सेजलच्या अर्जावरचे कॉलेजचे नाव वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"तिथे प्रसूतिकक्ष होता का?"

"नव्हता, सर. पण इथे आल्यावर मी—"

"इथलं मला ठाऊक आहे. तुम्ही चांगलं काम करता." एवढे बोलून त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावले.

डॉक्टर खोटे बोलत नव्हते, आणि सेजलला तेच अधिक लागले. राज्याच्या सीमेपलीकडच्या त्या खासगी कॉलेजला स्वतःचे इस्पितळ नव्हते. प्रसूती शिकवली ती रबरी बाहुलीवर. साखळीत पहिल्यांदा खरी बाई कळांनी ओरडू लागली, तेव्हा सेजलचे हात थिजले होते, आणि दाईने तिला कोपराने बाजूला सारले होते. पुढे ती सारे शिकली. पण त्या शिकण्यावर शिक्का कोण मारणार? कोमल बांबोळीच्या सरकारी कॉलेजात शिकलेली. तिथे भरलेले वॉर्ड होते आणि चुकलेला हात धरायला शिकवणारे होते.

बारावीनंतर सेजललाही बांबोळीला प्रवेश मिळत होता. पण हळर्णला तिच्या वडिलांच्या, धाकू गावसांच्या घरी देवीला विचारल्याशिवाय पेरणीसुद्धा होत नसे. धाकूंनी देवीला प्रसाद लावला, कौल उजवा, म्हणजे होकाराचा आला आणि सेजल रोज बसने सीमेपलीकडे जाऊ-येऊ लागली. देवीनेच कॉलेज निवडले, असे तिला सांगण्यात आले. तिनेही ते मुकाट्याने मानले.

यंदा धाकटी बहीण संजना बारावी झाली. तिलाही नर्सच व्हायचे होते, आणि बांबोळीच्या यादीत तिचे नाव लागले होते. धाकू पुन्हा देवळात निघाले. "मीही येते, बाबा," सेजल म्हणाली.

सगुण गुरवाने फुलांचे ओले कळे देवीच्या अंगावर उजवी-डावीकडे चिकटवले. "धाकू, विचारणा काय?"

"सेजलच्या वेळी घातलंस तेच गाऱ्हाणं घाल."

गुरवाने हात जोडून हाळी दिली. "बाय माझे माऊली, धाकूच्या चेडवान रोज सांजेक घराक येवचा, असा तुझ्या मनात आसात, तर उजवो कळो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" धाकू म्हणाले.

सेजलने चमकून वडिलांकडे पाहिले. गाऱ्हाण्यात कॉलेजचे नावच नव्हते.

"बाबा, माझ्या वेळी एवढंच विचारलंत?"

"मग आणखी काय विचारायचं? वसतिगृहात पोरी काय करतात ते कोण बघतो? पोर सांजवेळी दारात दिसली पाहिजे."

"आणि ती शिकते काय, ते कोणी विचारायचं?"

"ते शाळेचं काम. देवीचं नव्हे."

तेवढ्यात उजवा कळा घरंगळून खाली पडला. धाकूंनी समाधानाने डोळे मिटले.

"सगुणकाका," सेजल म्हणाली, "आता माझं गाऱ्हाणं घाला. जिथे स्वतःचं इस्पितळ आहे, तिथे संजनाला पाठवू का, एवढंच विचारा."

गुरव ओशाळला. "बाये, गाऱ्हाणा घराच्या कर्त्याच्या नावान लागता. तुझ्या नावान कसा लावू? उद्या तुझा लगीन झाला की घोवाक घेवन ये."

"पगार घरात देते तो चालतो, काका. नाव तेवढं चालत नाही."

"देवळात तोंड चालवू नकोस!" धाकू गरजले.

तिने खरेच तोंड बंद केले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती संजनाला घेऊन बांबोळीला गेली आणि प्रवेश पक्का करून आली. धाकू ओसरीवर बसले होते.

"देवीचा शब्द मोडलास."

"नाही, बाबा. तुम्ही विचारलंत तेवढ्याचंच देवीने उत्तर दिलं. धाकूचं चेडू म्हणजे मुलगी मीही आहे; मी रोज सांजवेळी घरी आले ना? अजून येते."

धाकूंनी तोंड फिरवले, आणि त्या दिवसापासून तिच्या हातचा चहा घेणे सोडले. वसतिगृहाच्या वाटेवर संजना रडली, पण गेली.

सोमवारी वॉर्डात कोमलने कामाची वाटणी केली. प्रसूतिकक्षात आपल्याच कॉलेजची नवी मुलगी ठेवली आणि सेजलला नेहमीप्रमाणे बाह्यरुग्ण विभाग दिला. मग जवळ येऊन, मनापासून हसत ती म्हणाली, "सेजल, तुझी धाकटी आमच्या बांबोळीला लागली म्हणे? बरं केलंस गो! आता तिची काही चिंता नाही."

"नाही," सेजल म्हणाली, "तिची नाही." आणि रक्तदाबाचे यंत्र उचलून ती बाहेर गेली.